एका डिस्कवर तीन बिऱ्हाडं

"फॉरमॅट दाब! अरे 'होय' दाब, खराब झालीय ती!"

चुलतभाऊ असा ओरडला, की त्या दिवशी रेवसची लाँच भोंगा समजून वेळेआधीच सुटली असणार. पनवेलच्या कुठल्याशा ऑफिसात तो कम्प्युटर सांभाळतो, म्हणून आमच्या थळमध्ये त्याच्यापुढे कुणी माउस हलवत नाही. बॅकअपची डिस्क जोडताच माझ्या विंडोजच्या पडद्यावर पाटी आली होती: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?

शेजारी आत्या बसली होती. आत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिनं धवले गायल्याशिवाय हळद अंगाला लागत नसे, नुसती ओघळून जायची. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. त्याआधी मी तिचे सगळे धवले जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केले होते. त्याला विंडोज झेपेना, म्हणून त्यावर लिनक्स चढवलं होतं. मग खाऱ्या वाऱ्यानं लॅपटॉप खाल्ला. आमच्या वाऱ्यानं मागे एक अख्खी सायकल खाल्लीय, घंटी तेवढी थुंकली. आता धवले उरले ते फक्त या डिस्कवरच्या बॅकअपमध्ये.

डिस्क घेतानाच सगळ्यांनी बजावलं होतं: तुझं विंडोज, बायकोचा मॅक आणि ते लिनक्स, तिघांना तीन डिस्क घे. नाही घेतल्या! मिठागरात बांध घालतात तसे एकीचेच तीन भाग पाडले, ज्याला जसा चालतो तसा. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते खराब, असा त्याचा बाणा. चुलतभावाचाही तोच.

"रिकामा भाग हाय तो!" म्हणत त्यानं माउस ओढला.

"रिकामं तुझं टाळकं हाय," मी म्हणालो. " हात काढ."

"मी रोज पन्नास मशिनी बघतो!"

"बघ की. हिला बोट लावलंस तर भरतीत सोडून येईन तुला."

आत्या घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "भांडा किती पण. माझा गळा हाय त्यात."

मी 'नाही' दाबलं. बोटात दहा रेड्यांचं बळ होतं. मशीन बंद केलं, आणि पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं तेच पुन्हा सुरू केलं. "गेलं सगळं, लिहून देतो," चुलतभाऊ मागून म्हणतच होता. आणि लिनक्सचा भाग उघडला! आतल्या फाइली एकूण एक जागेवर. पहिलीच लावली.

आत्याचा आवाज घुमला तशा माडांच्या झावळ्या सरळ उभ्या राहिल्या. गल्लीतल्या दोन रखडलेल्या पोरांची लग्नं त्याच आठवड्यात जमली, ती त्यामुळेच, हे मी कुणालाही छातीठोक सांगतो. चुलतभाऊ फरशी मोजत उभा.

धवला संपला. मी ताठ मानेनं वळलो.

"कसा वाटला, आत्या?"

तिनं पदरानं नाक पुसलं.

"दुसऱ्या कडव्याला चुकलीय मी."