मामांनी नेलेली खुर्ची

ताई गेल्या त्या मृत्युपत्रात वाटणीचं काम धाकट्या भावावर सोपवून. भाऊ सुतार, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणे. वकिलांनी बजावलं होतं, की देणी फिटून दोन्ही मुलं समोर बसेपर्यंत ताईंच्या घरातला चमचासुद्धा हलता कामा नये. मामांनी ते देवापुढे घेतलेल्या शपथेसारखं पाळलं. भाचीने आईची शाल मागितली, तीही दिली नाही. थोरला भाचा पाठीमागे म्हणाला, मामा म्हणजे कुलूप, आणि किल्लीही त्याच्याच खिशात. कानावर आलं तेव्हा मामा हसले खरे, पण त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. हीच दोन लेकरं. वाटणीपायी तीच दुरावली तर, या धास्तीने घास गोड लागत नव्हता.

आणि नेमके मामाच चुकले. घर झाडायला गेले, तर ताईंची नेहमीची खुर्ची डुगडुगली. सुताराचेच हात ते, शिवशिवले. उचलली आणि दुकानात आणली. दुसऱ्या दिवशी थोरला सहज डोकावला, खुर्चीकडे पाहिलं आणि चकार शब्द न काढता निघून गेला. मामांना तेच लागलं.

वाटणीच्या दिवशी ते खुर्ची खांद्यावर घेऊनच आले. ती खोलीत मधोमध ठेवून म्हणाले, "आधी हे सांगतो. न विचारता नेली, चुकलं माझं. मोडकी वस्तू वाटणीत द्यायला मन होईना."

भाचीने खुर्ची उलटी केली. काळपट पायात नव्या लाकडाची खुंटी पांढरी दिसत होती. थोरल्याने हात टेकून हलवून पाहिली. हलेना. मग खाली बघत म्हणाला, "मी भलतंच मनात आणलं, मामा. ही तूच ठेव."

"किल्ली माझ्याकडे आहे तोवर सुतळीचा तोडाही घेणार नाही."

मग मात्र काम झरझर उरकलं. शाल भाचीच्या खांद्यावर गेली, आईचं कपाट थोरल्याला मिळालं, भांडी तर दोघं एकमेकांच्याच पुढ्यात ढकलत होती. सह्या झाल्या. मामांनी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली भाचीच्या तळहातावर ठेवली.

तिने लगेच खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "आता तरी बस. की वकिलांना विचारून येऊ?"

थोरला हसला. मामा बसले, कितीतरी दिवसांनी पाठ टेकून.