गादीखालची जॅकेटं

ज्या जहाजाच्या माहितीपत्रकात 'साहस' हा शब्द प्रत्येक पानावर छापलेला होता, त्या जहाजावर मावशी खोल्या आवरण्याचे काम करीत असत. प्रवासी पदरचे पैसे मोजून बर्फ पाहण्यास येत आणि पहिली मोठी लाट येताच, आपल्याला इथे कोणी आणले, असे एकमेकांना विचारीत.

मावशींना समुद्र कधी लागला नाही. मात्र चार सफरी करूनही त्यांनी बर्फाचा किनारा पाहिला होता तो खोलीच्या ताटाएवढ्या गोल खिडकीतून, तोही काच पुसताना. निघताना थोरल्या जाऊबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या होत्या, "जगाच्या टोकाला जातेस आणि बघतेस काय, तर उशांचे अभ्रे!" ते बोलणे मावशींच्या काळजाला लागले होते.

जहाजावर एक रीत होती. किनाऱ्यावर उतरणाऱ्या रबरी होडीत एक जागा नोकरवर्गासाठी राखलेली असे. वादळातही जो उभा राहील आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार येणार नाही, त्याला ती मिळे. या खेपेस ती मावशींना मिळणार होती. व्यवस्थापक साहेबांनी तसे जाहीरही केले होते. या साहेबांच्या सदऱ्याची घडी कोणत्याही वादळात मोडत नसे, म्हणून पाठीमागे सर्वजण त्यांना 'इस्त्री' म्हणत.

समुद्र खवळला. इस्त्रीसाहेबांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना 'या अविस्मरणीय अनुभवाचा आनंद घ्या' असे कळवले आणि स्वतः खोलीत जाऊन आडवे झाले. प्रवासी आनंद घेऊ लागले. कोणी बादलीत घेतला, कोणी गालिच्यावर. एक निवृत्त प्राध्यापिका तर पलंगावरून तीनदा घरंगळल्या.

"बाई गं, मला दोरीनं बांधून ठेव!"

"बांधते कशाला? थांबा, पाळणाच करते तुमचा," मावशी म्हणाल्या.

कपाटातले जीवरक्षक जॅकेट काढून त्यांनी ते गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारले. गादी भिंतीकडे कलली आणि मधल्या खोलगटात प्राध्यापिकाबाई घट्ट बसल्या. हलेनाशा झाल्या आणि पाहता पाहता घोरू लागल्या. मावशींना धन्य वाटले. जे एकीला लाभले ते सर्वांना लाभावे, या थोर विचाराने त्यांनी आपल्या मजल्यावरील एकूण एक कपाट रिकामे केले. कोणाला सांगण्याचे मात्र राहून गेले. ऐकण्याच्या स्थितीत तरी कोण होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी एका साहसी गृहस्थाने ओले मोजे केस वाळवण्याच्या यंत्रावर चढवले. धूर झाला. धोक्याची घंटा वाजली. प्रवाशांनी जॅकेटांसाठी कपाटे उघडली, तर आत हँगर डुलत होते! सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. कोणी उशी छातीशी बांधून वर आला, कोणी पत्नीलाच धरून. मावशी खोल्याखोल्यांतून गाद्या उचलीत धावत होत्या.

धूर मोज्यांचा निघाला, म्हणून निभावले.

"मावशी, अहो, जीव वाचवायची वस्तू तुम्ही अंथरुणात घातलीत?" इस्त्रीसाहेब गरजले.

"चुकले, साहेब. झोपेचाच विचार केला, बुडण्याचा नाही केला."

"उद्याची जागा रद्द!"

मावशींनी वाद घातला नाही. चूक खरीच होती.

सकाळी समुद्र शहाण्यासारखा वागू लागला. राखीव जागा वाया जाऊ नये, या कर्तव्यबुद्धीने साहेब स्वतः होडीत बसून किनाऱ्यावर गेले आणि छायाचित्रे काढून परतले. तोवर मावशी जॅकेटे कपाटांत लावीत होत्या. दर खोलीत खिडकी होती. त्यांनी एकीतूनही पाहिले नाही.

दुपारी बातमी आली, की परतीचा समुद्र आणखी वाईट आहे. प्रवाशांनी साहेबांना गाठले. घंटेचा राग केव्हाच ओसरला होता. वादळात झोप लाभली ती एकच रात्र, हे सर्वांना आठवत होते. प्राध्यापिकाबाईंनी तर पाळण्याविना जहाज हलवू नका, असे बजावले.

साहेब खाली आले. आवाजात लोणी होते.

"मावशी, ते तुमचं... पलंगाचं... पुन्हा करता येईल का? जॅकेटं सोडून?"

"घोंगड्यांच्या वळकट्या घालीन की. छान होईल."

"मग लागा कामाला."

"लागते, पण आधी किनारा."

"नियम आहे, मावशी!"

"मग नियमालाच सांगा गाद्या उचलायला."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, छताकडे पाहिले आणि हात टेकले. शेवटची होडी किनाऱ्यावर राहिलेले सामान आणण्यास निघतच होती.

मावशी उतरल्या. समोर पांढरा डोंगर होता, खिडकीत कधी न मावलेला. पक्ष्यांच्या विष्ठेचा असा दर्प होता की माहितीपत्रकाने तो का वगळला, हे लगेच कळावे. त्यांनी दोन पावले टाकली, आणि इतक्या सफरींत न डगमगलेल्या मावशींना स्थिर जमीन डोलताना जाणवली. एका खडकाशी त्या वाकल्या आणि सगळे बाहेर आले.

होडीवाला हसून म्हणाला, "काय मावशी, जमीन लागली वाटतं! चला परत, बरं वाटेल."

मावशींनी पदराने तोंड पुसले. जहाजाकडे पाठ करून त्या एका कोरड्या दगडावर बसल्या.

"तू सामान भर," त्या म्हणाल्या. "मी अजून बघतेय."