समजा, हो आणि छे

चौकटसर हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि सरांना ते ठाऊक होतं. तंत्रशाळेत ते प्रोग्रामिंग शिकवायचे, पण आधी कागदासारखी कोरी आकृती पडद्यावर उघडायला लावायचे. एक मोठी चौकट, तिच्या पोटात एकाखाली एक लहान चौकटी, प्रत्येकीत एकेक काम. प्रश्न आला की चौकट दुभंगायची, एका अंगाला 'हो', दुसऱ्या अंगाला 'नाही'. अशा आकृत्या काढायचा एक प्रोग्रामच शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर होता, आणि त्याच्या सेटिंग्जना कुणी हात लावलेला सरांना मुळीच खपत नसे. एखादी पोरगी चौकटींना गुलाबी रंग देऊन बसली की सर मागून येऊन म्हणायचे, "आधी डोकं, मग नटणं," आणि सगळं पुन्हा पांढरंफटक करून टाकायचे.

निवृत्त झाल्यावरही आठवड्यातला एक तास त्यांनी हट्टाने स्वतःकडे ठेवला होता. मग एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मुलाने आणि सुनेने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. पक्षाघाताचा झटका होता. हातपाय वाचले. गेले ते शब्द.

म्हणजे शब्द होते, पण जागच्या जागी नव्हते. पाणी हवं असलं की तोंडून 'खिडकी' यायचं. सून धावत जाऊन खिडकी उघडायची, आणि सर कपाळाला हात लावायचे. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते आणायच्या: घर, सफरचंद, मांजर. सरांनी पहिल्या दिवशी ते निमूटपणे पाहिले. दुसऱ्या दिवशी मांजर पलंगाखाली भिरकावलं.

"बाबा, असं करून कसं चालेल?" मुलगा वैतागला.

सर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला कुणी मांजर दाखवावं, याची त्यांना इतकी लाज वाटत होती की ती सांगायलाही शब्द नव्हता.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. माणसाला नेमकं काय दिसत नाही हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, हे तिला रोजच्या कामातून पक्कं माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी तिने सरांचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आकृत्यांचा तो प्रोग्राम उघडला. सर हावऱ्यासारखे पुढे झाले. पण बारीक इंग्रजी अक्षरं त्यांच्यापुढे मुंग्यांसारखी पळायला लागली. उजवीकडची अर्धी चौकट तर दिसेचना. त्यांनी लॅपटॉपचं झाकण आपटलं.

"थांबा हो. रागावताय काय?" सुनेने झाकण पुन्हा उघडलं, सेटिंग्जमध्ये शिरून 'जनरल' असं लिहिलेलं पान काढलं आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "आता बघा. हे बरं, की हे?"

तिने अक्षर मोठं केलं. सरांनी नकारार्थी मान हलवली. आणखी मोठं केलं. हे बरं, की हे? मग जाड केलं. मग मागचा पांढरा रंग तिने फिकट पिवळा करून पाहिला, आणि उजव्या अंगाची चौकट चक्क गुलाबी केली. सरांनी डोळे वटारले.

"नटणं नाही हे. दिसतंय का, एवढंच सांगा."

दिसत होतं. चौकटीचा हरवलेला अर्धा भाग पडद्यावर परत आला होता. सर गुलाबी रंगाकडे बघत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेने ते न पाहिल्यासारखं केलं.

त्याच पानावर खाली रिकाम्या जागा होत्या. प्रश्नाच्या चौकटीत कोणता शब्द छापायचा, पुन्हा पुन्हा करायच्या कामासाठी कोणता, ते आपल्या मनाने लिहिता येत होतं. सरांनी या जागांना कधी बोट लावलं नव्हतं.

"बाबा, इथे 'इफ' आहे. आपण 'जर' लिहू या? म्हणा, जर."

सरांनी ओठ जुळवले. "ज... खि..." मूठ टेबलावर आदळली. आणि मग, त्या रागातच, अख्खा शब्द घशातून बाहेर पडला: "समजा!"

दोघंही दचकली. वर्गात खडू हातात घेतला की सरांचं पहिलं वाक्य 'समजा' नेच सुरू व्हायचं. इतक्यांदा उच्चारलेला तो शब्द कुठेतरी खोल, धक्का न लागता शाबूत राहिला होता. सुनेने तो लिहून टाकला. 'नाही' काही केल्या येईना, पण 'छे' मात्र सणसणीत आलं. पुन्हा पुन्हा करायच्या कामासाठी त्यांनी हवेत बोट गोल गोल फिरवलं आणि म्हणाले, "परत परत." तिने तेही लिहिलं, आणि आकृती आपोआप जतन व्हावी म्हणून एका चौकोनात खूण केली.

दुपारभर सर एका बोटाने अक्षरं शोधत बसले. संध्याकाळी त्यांनी आकृती दाखवली. 'समजा मुलगा बाथरूममधून बाहेर आला. दिवा बंद केला? हो: शाबास. छे: परत परत सांगा, ऐकेपर्यंत.'

सून ती वाचून हसत सुटली. "बाबा, हा प्रोग्राम कधी संपायचाच नाही!"

सर इतके हसले की मुलगा घाबरून बाथरूममधून बाहेर आला. दिवा चालूच होता.

पुढचे महिने घरातलं बरंच बोलणं चौकटींमधून चाललं. वाचेच्या बाईंनी पत्ते पिशवीत घातले आणि त्याही चौकटी काढायला शिकल्या. बोलणं काही पहिल्यासारखं झालं नाही. 'खिडकी' म्हणजे पाणी हे घरात कायमचं ठरून गेलं. पण शाळेच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या तेव्हा सरांनी त्यांच्यापुढे लॅपटॉप सरकवला. पडद्यावर लिहिलं होतं, 'समजा सर वर्गात आले. चालेल? हो. छे.' मुख्याध्यापिकांनी 'हो' वर बोट ठेवलं.

सुनेने सगळ्या सेटिंग्ज पेनड्राइव्हवर घेऊन शाळेतल्या कॉम्प्युटरवर चढवल्या. वर्ग भरला. भिंतीवर पिवळी-गुलाबी आकृती उमटली, आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. सरांनी हातात खडू घेतला, तोंड उघडलं, आणि बराच वेळ काहीच आलं नाही. दाराशी उभ्या सुनेने एक पाऊल आत टाकलं. पुढे जावं की नको, तिला कळेना.

"समजा," सर म्हणाले. पुढचं त्यांनी बोटाने दाखवलं.

पुढल्या बाकावरची मुलगी उठली, चौकटीतलं वाक्य मोठ्याने वाचून म्हणाली, "सर, इथे 'छे' कडून गेलं तर चुकेल ना?"

सरांनी जोरजोरात होकारार्थी मान डोलावली आणि खडू तिच्या हातात दिला. ती फळ्याकडे गेली, तिच्या मागून आणखी दोघं. सून हळूच दार ओढून घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तासाची घंटा झाली तरी आतून कुणी बाहेर येईना.