तीनशे बारावं पान

आकडेकाकांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठं उरलं नव्हतं. एकतीस वर्षं ते खालच्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये पानांवर आकडे टाकत होते. कुणी अपील केलं, की त्या खटल्याचे सगळे कागद लावायचे, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल शाईनं आकडा टाकायचा, फीत बांधायची आणि गठ्ठा वरच्या कोर्टात धाडायचा. या कामाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, पण काकांचा तोरा न्यायाधीशापेक्षा कमी नव्हता.

शिवणकाम करणारी एक बाई दर सोमवारी त्यांच्या खिडकीशी यायची. गोदामात लपून बसून आतून आग लावल्याबद्दल तिच्या मुलाला सात वर्षांची शिक्षा झाली होती.

"काका, वर परत सगळे साक्षीदार येणार का हो?"

"नाही ताई. माणसं बोलतात ती इथंच. वर नुसते कागद वाचतात. इथलं चुकलं तर वरचे दुरुस्त करतात, त्यांचं चुकलं तर सगळ्यांत वरचे. पण प्रत्येक पायरीवर जातो तो हाच गठ्ठा."

"मग लवकर जाऊ दे. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेत. डोळे मिटायच्या आत पोरगा दिसावा, एवढंच."

गठ्ठा गेला आणि पाच महिन्यांनी परत आला. वर शेरा होता: पान ३१२ गहाळ. रेकॉर्ड पूर्ण झाल्याशिवाय अपील सुनावणीस घेता येणार नाही.

दोन दिवस काकांनी कपाटं पालथी घातली, रद्दीसुद्धा उपसली. तिसऱ्या दिवशी ते शांत बसले आणि ३११ वरची गोदामाच्या पहारेकऱ्याची साक्ष वाचू लागले. शेवटचं वाक्य अर्धंच होतं, 'मी कुलूप लावलं तेव्हा आत'. पुढचं पान ३१३. त्याची सुरुवात होती, 'कुणीच नव्हतं'. पान हरवलंच नव्हतं. आकडा टाकताना त्यांचाच हात एक घर पुढं गेला होता.

काकांनी हे सांगितल्यावर कचेरीच्या साहेबांनी दार लोटून घेतलं. "काका, तीन महिन्यांनी निवृत्त होताय. पान वाळवीनं खाल्लं म्हणून लिहा. पहारेकऱ्याची साक्ष परत घेऊ. वर्षभर जाईल, पण तुमच्या अंगाला काही लागणार नाही."

घरी काकांनी ताट बाजूला सारलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"सर्व्हिसबुकात शेरा आला, तर या वयात आपलं लग्न मोडणार आहे का?" ती म्हणाली आणि ताट पुन्हा पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं, 'पान गहाळ नाही. आकडा टाकताना माझी चूक झाली.' तेवढ्यावर भागलं असतं. पण सोमवारी बाई आली तेव्हा त्यांनी तिलाही सांगितलं. तिनं खिडकीचा गज धरला.

"पाच महिने, एका आकड्यासाठी?"

"हो ताई."

ती वळून चालू लागली. पुढचे सोमवार तिच्याविनाच गेले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

निवृत्तीला आठ दिवस असताना वरचा निकाल खाली आला. पहारेकऱ्याच्या त्याच वाक्यावर मुलगा निर्दोष सुटला होता. काकांना रडू आवरेना, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

चार दिवसांनी बाई आली. बरोबर हडकलेला मुलगा होता. निकालाच्या प्रती हव्या होत्या.

"किती?"

"दोन."

"दोन कशाला, ताई? एक पुरते."

"एक याला. दुसरी ह्यांच्या फोटोमागं ठेवायची. गेल्या महिन्यात गेले."

काकांना मान वर करवेना. हा कागद पाच महिने आधी आला असता, तर दुसरी प्रत लागलीच नसती. त्यांनी लाल पेन उघडलं.

"काका," बाई हळूच म्हणाली, "आकडे नीट टाका."

त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि तिला ऐकू जाईल असं मोजायला सुरुवात केली.