गावाच्या दोन स्मशानभूमी

वडील गेले तेव्हा मळवलीकडं तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आमचं गाव तिथून जवळच. गावाला स्मशानभूमी दोन. गावकीची मोठी : पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा, बसायला बाकडी. आमच्या बौद्धवाडीची म्हणजे ओढ्याकाठचा उघडा तुकडा. तिकडची वाटही आता एका फार्महाउसच्या भिंतीला वळसा घालून चिखलातून जाते.

गावकीतला एक पंचायत सदस्य शाळेत माझ्या वर्गात होता. त्याच्या वडिलांच्या खाचरात माझ्या वडिलांनी कैक वर्षं भाताची आवणी केलेली. सकाळी तो आला, मयताच्या पायाशी बसून रडला.

मी त्याला म्हणाले, "शेडमध्ये करू दे. एवढ्या पावसात पेटणार कसं?"

"माझी ना न्हाई गं. पन गावाला इचारावं लागंल."

"गाव म्हणजे कोण? नाव सांग."

 तो फोन करतो म्हणून बाहेर गेला. दोन तास आम्ही थांबलो.

शेवटी माझे चुलते म्हणाले, "पोरी, बास कर. तू जाशील लोनावळ्याला शाळेत शिकवायला. आमाला हितंच ऱ्हायाचंय."

मला सगळ्यांत जास्त राग त्यांचाच आला, कारण ते खोटं बोलत नव्हते.

ओढ्यावर चौघांनी चितेवर ताडपत्री धरली. लाकडं ओली. डिझेल ओतलं, पेटलं, ताडपत्री बाजूला घेतली की विझलं. असं तीनदा. तो सदस्यही आला होता. त्याच्यावर ओरडायचं म्हणून मी पुढं गेले, तर ताडपत्रीचं एक टोक त्याच्याच हातात. तोही नखशिखांत भिजलेला. मी तशीच मागं फिरले. त्यावरून माझी चिडचिड आजही होते.

पुढं ग्रामसभेत मी अर्ज दिला : स्मशानभूमी एकच असावी, सगळ्यांना खुली. कुणीही विरोध केला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वर्षभरानं त्या सदस्याचा फोन आला. "झालं बघ तुझं काम. वढ्याकाठी शेड मंजूर. तुमची सोताची."

"मी हे मागितलं नव्हतं."

"मंग काय मागितलं व्हतंस?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

वाडीत चुलते पेढे वाटत होते. मी अर्जाची प्रत काढली, नवी तारीख घातली आणि पुन्हा पंचायतीत नेऊन दिली. पोच मिळाली. उत्तर अजून नाही.