म्हातारीचं तिकीट

आज आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला माझ्याच चित्रात विमान घालायला सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे.

टपाल तिकिटाच्या चित्रस्पर्धेचा विषय आहे ‘उड्डाण’. मुदत आज पाचपर्यंत होती आणि सगळ्यांची चित्रं सोसायटीतर्फे एकाच पाकिटात जाणार होती. मी रुईची म्हातारी काढली, म्हणजे वाऱ्यावर तरंगणारं ते पांढऱ्या तंतूंचं बी. इथे दिघीत लष्कराच्या भिंतीवरून ती रोज आमच्या गॅलरीत येते, कुणाला पास न दाखवता.

सेक्रेटरी चित्राखालचं ‘म्हातारी’ हे शीर्षक वाचून म्हणाले, “काकू, यात म्हातारी कुठंय?”

“एक कागदावर आहे. दुसरी तुमच्यासमोर उभी आहे.”

ते हसले. “भारीच! पण कोपऱ्यात एक छोटंसं विमान टाका ना. बाकी सगळ्यांनी विमानच काढलंय. नाहीतर पाकिटात नाही घेता येणार.”

“अहो, तिकीट अंगठ्याएवढं असतं. तुमचं विमान त्यात माशीसारखं दिसेल.”

कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी तीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंग ट्रेस केली. रेघ माझी, खाली सही साहेबांची. माझ्या सहीचं हे पहिलंच चित्र. त्यात एक रेघही कुणाच्या सांगण्यावरून येणार नाही.

चित्र उचललं आणि रिक्षा केली.

उडायला इंजिन लागतंच, असं तुम्हालाही वाटतं का?

पोस्टात पावणेपाचला दिलं: चित्र एक, अर्ज एक. दोन्हींवर सही माझी. पोच घेतली आहे.