ग्राउंडमधली फट

बाळांनो, तुमच्या आत्याची कंपनी पुण्याला आणि ती इथे बीडला माझ्यापाशी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने घरून काम करायची परवानगी मागून घेतली. कॅमेऱ्यांच्या आत जे सर्किट बोर्ड असतात, ते ती आखते. या उन्हाळ्यात अशाच एका बोर्डाने आमची झोप उडवली. पहिले दोन नमुने बिघडले होते. तिच्या साहेबांनी कळवलं होतं की तिसराही बिघडला तर घरून काम बंद. पुण्याला येऊन बसा, नाहीतर दुसरं बघा. मला तर तेव्हा वॉकरशिवाय स्वयंपाकघरही गाठता येत नव्हतं.

पहिल्या नमुन्यात काय चुकलं ते तिने मला ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं.

"आई, पालीच्या धरणाचं पाणी येऊन गच्चीवरची टाकी भरली, तरी फोडणी करपायला लागल्यावर तू गच्चीवर जातेस का?"

"हाताशी असलेला तांब्या घेते."

"चिपला वीज अशीच एकदम लागते. म्हणून तिच्या पायांशी थोडी वीज साठवणारे हे बारके कपॅसिटर ठेवायचे. तो तिचा तांब्या."

पहिल्या बोर्डात तिने ते कडेला एका सरळ ओळीत लावले होते आणि तिथून चिपपर्यंत लांब, बारीक रेघा ओढल्या होत्या. मला ती ओळ फार आवडली होती. चिपला तिचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या बोर्डात ते चिपला खेटून बसले, तरी कॅमेऱ्याचं चित्र फाटायचं थांबेना.

तपासण्यासाठी आत्या कॅमेरा खिडकीत ठेवून बाहेरच्या मोकळ्या प्लॉटकडे वळवायची. तिथे आम्हाला दूध घालणाऱ्या बाईंच्या शेळ्या बांधलेल्या असतात. एकदा त्या दूध घेऊन आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"माय, माझ्या शेळीचं मुंडकं कुठं गेलं?"

"खाली आलंय, मावशी. पायांशेजारी."

"लई शिकली हाय तुमची पोरगी," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पन शेळी कापायला खाटीक स्वस्तात आला असता की."

आत्या हसली खरी, पण त्या दुपारी तिने ताट तसंच झाकून ठेवलं.

संध्याकाळी ती स्वतःशीच म्हणाली, "ग्राउंड." मला वाटलं, आपल्या अंगणातल्या अर्थिंगसारखं काही असेल. खड्डा कोरडा पडला की आपण त्यात पाणी ओततो, तसं. तसं नसतं. बोर्डाच्या पोटात तांबे धातूचा एक सलग थर असतो, तेच ग्राउंड. सिग्नल वरून ज्या रेघेने जातो, बरोबर तिच्याच खालून, या थरातून, परतीची वीज येते. थर मध्ये चिरलेला असेल तर तिला वळसा घालून यावं लागतं, आणि इतक्या वेगाच्या कामात तो वळसाच चित्र बिघडवतो.

"मग चिरलास कशाला?"

"मी नाही चिरला. दोन ग्राउंड वेगळी ठेवा, असं साहेबांनी सांगितलं. आणि चित्राच्या सगळ्या रेघा त्या फटीवरूनच जातात."

तिने फटीच्या दोन्ही बाजूंना, रेघांना अगदी लागून, तांब्याच्या पट्टीचा तुकडा डाग देऊन जोडला. चित्र पुष्कळ सुधारलं. शेळी सबंध दिसू लागली. पट्टी काढली, पुन्हा फाटली. तिने हे परत परत करून पाहिलं. मला आनंद झाला होता. तिचा चेहरा मात्र उतरला होता, कारण आता चूक कोणाची हे साहेबांनाच लिहून कळवायचं होतं.

"तू इंग्रजी शिकवलंस ना जन्मभर," ती म्हणाली. "जरा गोड करून दे."

मी मसुदा केला. तिने वाचला.

"आई, यात बोर्ड कुणी बिघडवला तेच कळत नाही."

"तेच तर हवं होतं ना?"

"मग तिसऱ्यातही साहेब फट ठेवायला लावतील."

माझा मसुदा बाजूला सारून तिने दोन सरळ वाक्यं लिहिली आणि सोबत दोन्ही चित्रं जोडली. उत्तर लवकर आलं नाही. शेवटी साहेबांचाच फोन आला. ते शांतपणे बोलले. बोर्ड तुमच्या म्हणण्याप्रमाणे करा, म्हणाले. पण पुढचं काम ऑफिसात बसणाऱ्यांनाच मिळेल, एवढ्या लांबून असे वाद परवडत नाहीत.

मी तिला म्हटलं, जा पुण्याला, मी कोणीतरी बाई ठेवते. ती म्हणाली, "तू आधी जिना चढून दाखव." तो विषय तिथेच मिटला.

तिसरा बोर्ड तिने पूर्वीपेक्षाही जपून आखला. कपॅसिटरच्या एकेका पायापासून खालच्या थरापर्यंतची वाट तिने पुन्हा मोजून आखूड केली. काम तर जाणारच आहे, मग एवढं कशाला, असं मी विचारलं.

"बोर्डाने माझं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली.

तो बोर्ड चालला. आता ती इतर कंपन्यांना अर्ज पाठवते आणि फोन वाजला की आधी खोलीचं दार लावून घेते. माझ्यामुळे हे झालं, असं मी एकदा बोलून पाहिलं; ती उठून भांडी लावायला गेली. म्हणून तुम्हाला हे सविस्तर लिहिलं. रविवारी बोलाल तेव्हा तिला शाळेचं सांगा, तिकडच्या बर्फाचं सांगा. सध्या काय करतेस, हे तेवढं विचारू नका. तुमच्या बाबांनाही सांगा.